मोघम भाकीत आणि मोजलेली शक्यता : क्रिटिकल हिटचे गणित व भेंडवळचा घट

१/ बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात, भेंडवळ हे गाव आहे. अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी तेथे घट मांडला जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचे निरीक्षण करून पाऊस, पिके, रोगराई आणि राज्यकारभार यांविषयी भाकीत सांगितले जाते. काही तासांत ते भाकीत मोबाइलवरून जिल्हाभर पोहोचते. त्याच मोबाइलवर जिल्ह्यातील तरुण ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळत असतात आणि आपल्या पात्राचा 'क्रिटिकल हिट' बसण्याची शक्यता किती, याचा काटेकोर हिशेब मांडत असतात.

२/ अनिश्चिततेशी वागण्याच्या या दोन रीती आहेत. एका रीतीत शक्यता आकड्यात सांगितली जाते, तिचे सूत्र ठाऊक असते आणि कोणीही शंभर घाव मोजून ती पडताळू शकतो. दुसऱ्या रीतीत शब्द असतात, चिन्हे असतात. पण मोजणी नसते. या धाग्याचे म्हणणे असे : खेळातील टक्केवारीबद्दल तरुण जो काटेकोरपणा दाखवतात, तोच त्यांनी घरच्या शेतीचे भवितव्य सांगणाऱ्या प्रत्येक भाकिताला लावावा. ही मागणी परकीय नाही. तिचे सर्वांत जुने उदाहरण विदर्भाच्याच वाटेवर घडलेल्या एका कथेत आहे.

३/ आधी क्रिटिकल हिट म्हणजे काय ते पाहू जावे. खेळातील योद्धा शत्रूवर घाव घालतो तेव्हा ठरावीक इजा होते. खेळाडू तिला 'डॅमेज' म्हणतात. क्वचित एखादा घाव वर्मी बसतो आणि इजा दुप्पट किंवा त्याहून अधिक होते. तोच क्रिटिकल हिट. मराठीत 'वर्मी घाव' हा शब्दप्रयोग जुनाच आहे. नवे आहे ते इतकेच की, घाव वर्मी बसेल की नाही हे येथे दैवावर न सोडता एका संख्येवर सोडलेले असते.

४/ या कल्पनेचा उगम संगणकात नाही, फाशात आहे. १९७५ साली 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' हा कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळायचा खेळ प्रसिद्ध झाला. त्याचे कर्ते एम. ए. आर. बार्कर हे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाचा अभ्यास शिकवणारे प्राध्यापक. त्यांच्या काल्पनिक जगावर भारत, इजिप्त आणि मध्य अमेरिका येथील प्राचीन संस्कृतींची छाया आहे. वर्मी घावाचा नियम छापील रूपात आणणाऱ्या पहिल्या रोल-प्लेइंग खेळांत त्याची गणना होते.

५/ नियम सोपा होता. वीस पैलूंचा फासा टाकायचा. २० पडले तर इजा दुप्पट. मग पुन्हा फासा टाकायचा. १९ किंवा २० पडले तर शत्रू जागीच ठार. पहिल्या फाशात २० पडण्याची शक्यता २० मध्ये १, म्हणजे ५ टक्के. दुसऱ्या फाशात २० मध्ये २, म्हणजे १० टक्के. दोन्ही एकापाठोपाठ घडण्याची शक्यता या दोहोंचा गुणाकार : २०० मध्ये १, म्हणजे अर्धा टक्का. संभाव्यतेच्या गणिताचा हा पहिला धडा शाळेच्या फळ्याआधी खेळाच्या पटावर अनेकांना मिळाला.

६/ याच नियमाला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे सहनिर्माते गॅरी गायगॅक्स यांचा विरोध होता. त्यांचा मुद्दा विचार करण्याजोगा आहे. राक्षस एका लढाईपुरता येतो आणि मरतो. खेळाडूचे पात्र मात्र शेकडो लढाया लढते. वर्मी घाव दोन्ही बाजूंना समान लागू असेल, तर जो दीर्घकाळ मैदानात राहतो त्याच्यावर तो कधी ना कधी पडणारच. नियम वरकरणी समान दिसतो. पण वारंवार फासा ज्याच्यावर पडतो त्याला तो मारतो. हा मुद्दा वाचकाने ध्यानी ठेवावा. पुढे तो शेतात भेटणार आहे.

७/ संगणकावर फाशाची जागा यादृच्छिक संख्येने घेतली. प्रत्येक घावाला संगणक ० ते १०० यांमधील एक संख्या काढतो. पात्राची क्रिटिकलची शक्यता २५ टक्के असेल आणि निघालेली संख्या २५ पेक्षा कमी असेल, तर घाव वर्मी. हे २५ कोठून येतात? पात्राचे गुण, त्याची शस्त्रे, त्याची कौशल्ये यांच्या बेरजेतून. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या २००४ मधील मूळ आवृत्तीत ६० व्या पातळीवरील वॉरियरला दर २० ॲजिलिटीमागे १ टक्का मिळत असे. खेळाडूंनी हजारो घाव नोंदवून, बेरजा-वजाबाक्या करून अशी सूत्रे शोधून काढली.

८/ सूत्राइतकाच महत्त्वाचा असतो क्रम. समजा, घाव हुकण्याची शक्यता १० टक्के आणि क्रिटिकलची २५ टक्के आहे. काही खेळांत एकच संख्या काढून निकाल लावतात : १० हुकलेले, २५ वर्मी, उरलेले ६५ साधे. काही खेळांत दोन संख्या काढतात : आधी घाव बसला का, मग बसलेला घाव वर्मी आहे का. दुसऱ्या रीतीत वर्मी घाव ९० टक्क्यांचे २५ टक्के, म्हणजे केवळ २२.५ टक्के होतात. पडद्यावर लिहिलेला आकडा तोच. हाती येणारे फळ वेगळे. म्हणून जाणता खेळाडू 'टक्के किती' याबरोबर 'कशाचे टक्के' हेही विचारतो.

९/ तिसरा धडा सरासरीचा. साध्या घावाची इजा १०० आणि वर्मी घावाची २०० असेल, शक्यता २५ टक्के असेल, तर दीर्घकाळात एका घावाची सरासरी इजा १२५ होते. परंतु कोणताही एक घाव १२५ चा नसतो. तो १०० चा असतो किंवा २०० चा. सरासरी खरी असते आणि तरीही ती कोणाच्याच वाट्याला येत नाही. 'जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस' ही बातमी वाचून ज्याचे शिवार कोरडेच राहिले आहे, त्या शेतकऱ्याला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

१०/ चौथा धडा सर्वांत अवघड. २५ टक्के म्हणजे 'दर चौथा घाव वर्मी' असे मन मानते. गणित तसे मानत नाही. सलग दहा घाव वर्मी न बसण्याची शक्यता ०.७५ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ५.६ टक्के आहे. दिवसभर खेळणाऱ्याला अशी कोरडी रांग हमखास भेटते आणि तो खेळाला खोटे ठरवतो. खरी यादृच्छिकता माणसाला अन्यायासारखी भासते, कारण माणसाचे मन रांगेत अर्थ शोधते.

११/ खेळ घडवणाऱ्यांनी यावर एक तोड काढली. 'वॉरक्राफ्ट ३' आणि 'डोटा २' या खेळांत अनेक ठिकाणी शक्यता स्थिर नसून चढती असते. लिहिलेली शक्यता २५ टक्के असली तरी पहिल्या घावाला ती प्रत्यक्षात सुमारे ८.५ टक्के असते. घाव वर्मी बसला नाही तर पुढच्या वेळी सुमारे १७, मग सुमारे २५.५, अशी ती वाढत जाते आणि बाराव्या घावाला निश्चित होते. वर्मी बसताच गणती पुन्हा ८.५ पासून सुरू. दीर्घकाळाची सरासरी २५ टक्केच राहते. लांबलेल्या कोरड्या रांगा मात्र कमी होतात.

१२/ म्हणजे खेळाने माणसाच्या भ्रमाला साजेसे जग घडवले. तेथे 'आता बराच वेळ झाला, या वेळी बसेलच' हा अंदाज बरोबर ठरतो. निसर्ग असा करार करत नाही. दोन वर्षे दुष्काळ पडला म्हणून तिसऱ्या वर्षी पाऊस ऋण फेडत नाही. खेळात मुरलेल्या तरुणाने ही सीमारेषा ओळखणे आवश्यक आहे. कृत्रिम जगात दैवाला स्मरणशक्ती दिलेली असते; आभाळाकडे अशी हिशेबाची वही नसते.

१३/ आकडा लपवला किंवा चोरून बदलला तर काय होते, याचेही उदाहरण ताजे आहे. 'मेपलस्टोरी' या कोरियन ऑनलाइन खेळात पैसे देऊन घ्यायच्या वस्तूंतून मिळणाऱ्या गुणांच्या शक्यता खेळाडूंना न सांगता कमी केल्या गेल्या. काही हव्याहव्याशा जोड्यांची शक्यता तर शून्य केली गेली. जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण कोरियाच्या स्पर्धा आयोगाने कंपनीला सुमारे १,१६० कोटी वोन दंड ठोठावला. चीनमध्ये तर अशा सोडतींच्या शक्यता जाहीर करण्याचे बंधन मे २०१७ पासूनच आहे. संभाव्यता ही सार्वजनिक बाब आहे, ती दडवणे म्हणजे फसवणूक, हे तत्त्व खेळाच्या जगात आता कायद्याने मान्य झाले आहे.

१४/ आता विदर्भाच्या वाटेवरची कथा. महाभारताच्या वनपर्वात नलोपाख्यान येते. द्यूतात सर्वस्व गमावलेला नल राजा बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला आहे. विदर्भाची राजकन्या दमयंती दुसरे स्वयंवर मांडत असल्याची वार्ता येते आणि दोघे रथातून कुंडिनपुराकडे निघतात. वाटेत बेहड्याचे झाड लागते. बेहडा म्हणजेच विभीतक. त्याची फळे वेदकाळी फासे म्हणून वापरली जात. सातपुड्याच्या रानात तो वृक्ष आजही आहे.

१५/ ऋतुपर्ण त्या झाडाकडे दृष्टी टाकतो आणि सांगतो : खाली पडलेली पाने आणि फळे झाडावरच्यांपेक्षा एकशे एकने अधिक आहेत, दोन फांद्यांवर मिळून पाच कोटी पाने आणि २,०९५ फळे आहेत. फाशांचे मर्म जाणणारा तो राजा संख्येतही निष्णात आहे. ही दोन ज्ञाने एकत्र असणे हा योगायोग मानता येत नाही. तत्त्वज्ञ इयान हॅकिंग यांनी १९७५ मधील आपल्या संभाव्यतेच्या इतिहासात या कथेची दखल घेतली आहे, ती याच कारणाने.

१६/ परंतु कथेतील खरा नायक त्या क्षणी नल आहे. राजाने सांगितले म्हणून तो मान डोलावत नाही. घाई असताना, रथ थांबवून, राजाची नाराजी पत्करून तो झाड तोडतो आणि फळे मोजतो. संख्या जुळते; मगच तो ती विद्या मागतो आणि मोबदल्यात आपली अश्वविद्या देतो. भाकीत आकड्यात होते म्हणून पडताळता आले. पडताळले म्हणून विश्वास ठेवता आला. ऋतुपर्णाने 'झाडाला फळे बरी आहेत' असे म्हटले असते, तर नलाला मोजण्याजोगे काही उरलेच नसते.

१७/ युरोपात हा विचार गणिताच्या शिस्तीत आला तो १६५४ मध्ये, पास्कल आणि फर्मा यांच्या द्यूतावरील पत्रव्यवहारातून. १७१३ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर आठ वर्षांनी, याकोब बर्नुली यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रयोगांची संख्या वाढत जाते तसतसे प्रत्यक्ष प्रमाण मूळ शक्यतेच्या जवळ सरकते, हे त्यात सिद्ध केले होते. हजार घाव नोंदवून क्रिटिकलचे सूत्र शोधणारा खेळाडू नकळत बर्नुलीच्या वाटेनेच चालत असतो.

१८/ भेंडवळची घटमांडणीही परंपरेच्या सांगण्यानुसार त्याच सतराव्या शतकातली. चंद्रभान महाराज वाघ यांनी ती सुरू केली असे मानले जाते आणि वाघ घराण्याने ती चालवली आहे. गावाबाहेरील शेतात वर्तुळाकार घट आखतात. कडेने अठरा प्रकारची धान्ये मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांसाठी मातीची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, वर पुरी, पापड, भजी, वडा, कुरडई, सांडोई. शेजारी विड्याचे पान आणि सुपारी. रात्री तेथे कोणी थांबत नाही.

१९/ पहाटे प्रत्येक चिन्ह वाचले जाते. ढेकूळ किती भिजले त्यावरून त्या महिन्याचा पाऊस. धान्य जागचे किती हलले त्यावरून त्या पिकाची स्थिती. भादली रोगराईची, करडी संरक्षणाची, पान-सुपारी राजाची. शेतकऱ्याला ज्या ज्या गोष्टींची चिंता असते त्या सर्वांना या वर्तुळात जागा आहे. एका कृषिसमाजाने आपल्या सगळ्या भयांची केलेली ही यादी आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकाला ती अनमोल आहे. तिची थट्टा करणारे तिच्यातील हे ज्ञान गमावतात.

२०/ अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. भाकिताची भाषा 'पाऊस साधारण', 'पीक चांगले', 'पीक मोघम', 'भावात तेजी' अशी असते. 'मोघम' हा शब्द तर भाकितातच येतो. साधारण म्हणजे किती मिलिमीटर? कोणत्या तालुक्यात? चांगले म्हणजे एकरी किती क्विंटल? हे ठरलेले नसेल तर वर्षअखेरीस प्रत्येक जण आपापल्या अनुभवाप्रमाणे 'खरे ठरले' किंवा 'चुकले' म्हणतो आणि दोघांनाही खोटे पाडता येत नाही. मोघम भाकीत चुकूच शकत नाही. जे चुकूच शकत नाही ते बरोबरही ठरू शकत नाही.

२१/ येथे खेळाडूचे गणित कामी येते. समजा, चार महिन्यांपैकी प्रत्येकासाठी कमी, साधारण, जास्त अशा तीन शक्यता आहेत आणि त्या समान आहेत. एखाद्याने डोळे मिटून चार चिठ्ठ्या उचलल्या, तरी किमान एक महिना बरोबर येण्याची शक्यता ८१ मध्ये ६५, म्हणजे सुमारे ८० टक्के. किमान दोन महिने बरोबर येण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के. म्हणून 'जुलैचे भाकीत तंतोतंत खरे ठरले' या वाक्याला एकट्याने काही वजन नाही. चिठ्ठ्यांपेक्षा किती अधिक वेळा, किती वर्षे, हा प्रश्न आहे.

२२/ शिवाय स्मरणशक्ती पक्षपाती असते. खेळाडूला बसलेले वर्मी घाव आठवतात, साधे घाव आठवत नाहीत. गावाला खरे ठरलेले भाकीत आठवते. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने या भाकितांवर वेळोवेळी आक्षेप घेतले आहेत आणि श्रद्धावंतांनी खरे ठरलेल्या भाकितांचे दाखले दिले आहेत. हा वाद दाखल्यांनी मिटणारा नाही. दोन्ही बाजूंनी दाखले सापडतातच. सलग वर्षांचा पूर्ण तक्ता मात्र वादाच्या मध्यभागी कोणी ठेवत नाही.

२३/ कोणी म्हणेल, हवामान खात्याचे अंदाज तरी कोठे खरे ठरतात? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नेमके देता येते. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या या खात्याने मोसमी पावसाचा पहिला हंगामी अंदाज १८८६ मध्ये, हेन्री ब्लॅनफोर्ड यांच्या काळात दिला. २००२ मध्ये खात्याने दीर्घकालीन सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला होता. प्रत्यक्षात सुमारे ८१ टक्के पडला आणि देशात दुष्काळ आला. चूक मोठी होती. पण ती आकड्यात होती, म्हणून उघडी पडली आणि पुढच्याच वर्षी प्रारूप बदलावे लागले. आज खाते 'सरासरीपेक्षा कमी', 'सरासरीइतका', 'सरासरीपेक्षा जास्त' यांतील प्रत्येकाची शक्यता टक्क्यांत सांगते. चुकण्याची तयारी हीच त्या अंदाजाची प्रतिष्ठा आहे.

२४/ यादृच्छिकता शेतकऱ्याच्या बाजूने वापरता येते, हे दाखवणाऱ्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९४० च्या दशकात त्यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या उत्पादनाचा अंदाज बांधण्यासाठी यादृच्छिक नमुना-पाहणीची पद्धत उभी केली. त्याआधी उत्पादन 'इतके आणे पीक' असे नजरेने ठरे. सुखात्मे यांच्या रीतीत शेत कोणते निवडायचे आणि शेतातील तुकडा कोणता कापायचा हे यादृच्छिक संख्या ठरवते. अधिकाऱ्याची नजर किंवा शेतमालकाची ओळख ठरवत नाही.

२५/ पीक कापणी प्रयोग तो हाच. २०१६ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेत महसूल मंडळातील सरासरी उत्पादन अशाच प्रयोगांतून काढतात आणि ते उंबरठा उत्पादनाच्या खाली गेले तर भरपाई देय होते. बुलढाण्यातील सोयाबीन किंवा तूर पेरणाऱ्या घराला म्हणूनच यादृच्छिक संख्या परकी नाही. नमुना खरोखर यादृच्छिक निवडला का, कापणी साक्षीदारांसमोर झाली का, आकडे जाहीर झाले का, हे विचारणे म्हणजे 'मेपलस्टोरी'च्या खेळाडूंनी विचारलेला प्रश्नच अधिक मोलाच्या ठिकाणी विचारणे होय.

२६/ आता गायगॅक्स यांचा मुद्दा आठवावा. समजा, हंगाम पूर्ण बुडण्याची शक्यता कोणत्याही एका वर्षी केवळ ५ टक्के आहे, म्हणजे फाशावर एक २०. तीस वर्षे शेती करणाऱ्याच्या वाट्याला असे एकही वर्ष न येण्याची शक्यता ०.९५ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे २१ टक्के. उरलेल्या ७९ टक्क्यांत किमान एक वर्मी घाव आहेच. व्यापारी एका हंगामापुरता येतो, सावकार आपले व्याज आधी वसूल करतो. फासा वर्षानुवर्षे पडतो तो एकाच माणसावर. जुलै २००६ मध्ये विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता.

२७/ म्हणून हा प्रश्न श्रद्धा की विज्ञान एवढ्यावर संपत नाही. कोरडवाहू शेतकरी भाकिताकडे वळतो तेव्हा तो मूर्खपणा करत नसतो. बियाणे कोणते घ्यायचे, कर्ज किती काढायचे, पेरणी आज की आठ दिवसांनी, हे निर्णय त्याला अपुऱ्या माहितीवर घ्यावेच लागतात. टक्केवारीत सांगितलेला अंदाज त्याच्या तालुक्यापर्यंत, त्याच्या भाषेत आणि वेळेवर पोहोचत नसेल, तर मोघम का होईना, त्याच्या पिकाचे नाव घेऊन बोलणारा घटच त्याला जवळचा वाटतो. दोष केवळ ऐकणाऱ्याच्या पदरी टाकणे अन्यायाचे आहे.

२८/ उपाय खर्चिक नाही. दरवर्षी अक्षय्य तृतीयेनंतर घटाचे भाकीत वृत्तपत्रांत छापून येते. जळगाव जामोद, खामगाव, बुलढाणा येथील महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी जुन्या अंकांतून ते वर्षवार उतरवून घ्यावे. शेजारच्या रकान्यात त्या वर्षीचा तालुक्याचा महिनावार पाऊस आणि पिकांचे उत्पादन लिहावे. तिसऱ्या रकान्यात हवामान खात्याचा अंदाज. चौथ्यात नुसत्या चिठ्ठ्या उचलून काढलेले उत्तर. 'साधारण' म्हणजे काय ते आधी ठरवावे, निकाल पाहिल्यावर नव्हे. दहा-वीस वर्षांचा असा तक्ता हा स्थानिक इतिहासाचा अस्सल दस्तऐवज ठरेल.

२९/ त्या तक्त्यातून काय निघेल हे आधी ठरवून बसण्याचे कारण नाही. घट चिठ्ठ्यांहून सरस ठरला तर तो का ठरला, याचा शोध घेण्याजोगा प्रश्न मिळेल. बरोबरीत राहिला तर त्याचे स्थान लोकसंस्कृतीच्या ठेव्यात राहील. मात्र बियाण्याच्या पिशवीवर आणि कर्जाच्या कागदावर त्याचा अधिकार उरणार नाही. हवामान खात्याचा अंदाज तालुक्यापुरता कुचकामी निघाला तर तेही आकड्यासह सांगता येईल आणि अधिक पर्जन्यमापकांची मागणी पुराव्यानिशी करता येईल.

३०/ खेळाच्या पडद्यावरील २५ टक्क्यांत अर्धा टक्का कमी भरला तर खेळाडू हजार घाव मोजून जाब विचारतात. तेथे पणाला लागलेली असते एक काल्पनिक तलवार. पूर्णेच्या काठी पणाला लागतो पुरा हंगाम. नलाने घाईतही रथ थांबवला होता आणि फळे मोजली होती. विदर्भाकडे जाणाऱ्या वाटेवरचे ते झाड मोजून झाले. भेंडवळच्या चार ढेकळांची मोजणी अजून व्हायची आहे.

(धागा समाप्त)